टीप १४ : फुले त्रिवेणी
१४. फुले त्रिवेणी : राहुरी (जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (स्थापना १९६८) विकसित केलेली दुधाळ संकरित गाय. गीर गाय व जर्सी वळू यांच्या संकरातील कालवडी होल्स्टिन फ्रिजियन वळूच्या रेताने भरवल्या. त्यामुळे पुढील पिढीत होल्स्टिन ५०, जर्सी २५ व गीर २५ टक्के असे रक्त आले. निवडक गायी-वळूंच्या आपसांतील पैदाशीतून हे प्रमाण टिकवले गेले. होल्स्टिनचे भरपूर दूध, जर्सीचा जास्त स्निग्धांश आणि गीरची उष्मा सोसण्याची ताकद एकत्र आणणे हा हेतू. प्रसार कृत्रिम रेतनाने होतो. रेत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येत असल्याने एकाच वळूपासून गावोगावच्या हजारो गायी गाभण राहू शकतात.