यिनहुआ : सोलापूरच्या कोटनीस घराण्यातील एका नावाची कुळकथा

यिनहुआ हे चिनी नाव 1942 साली सोलापूरच्या कोटनीस घराण्यात आले. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटनीस आणि चिनी परिचारिका ग्वो चिंगलान यांच्या मुलाचा जन्म 23 ऑगस्ट 1942 रोजी उत्तर चीनमधील हेबेई प्रांतात, जपानी फौजांशी युद्ध चालू असलेल्या डोंगराळ मुलखात झाला, आणि त्या मुलखाचे सेनापती न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव यिनहुआ असे ठेवले. चिनी लिपीत प्रत्येक चिन्हाला एक उच्चार आणि बहुधा स्वतंत्र अर्थ असतो. त्यानुसार ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. नावाचा एवढा अर्थ कोटनिसांच्या बहुतेक चरित्रांतून सांगितला जातो. मात्र हे नाव त्या दिवशी एकाएकी सुचलेले नव्हते. त्याचे एक अंग तेरा शतकांपूर्वीच्या प्रवासवर्णनातून आणि दुसरे 1938-39 च्या एका नामकरणातून आलेले असल्यामुळे त्याची कुळी लावताना या दोन्ही ठिकाणी जावे लागते.

ज्या घराण्यात हे नाव आले त्याचे आडनावही मिश्र घडणीचे आहे. ‘कोट’ म्हणजे किल्ला किंवा तटबंदी, आणि ‘नीस’ हे फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा या शब्दाचे मराठी रूप. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस ही सारी आडनावे याच साच्यातली असून दक्षिणेतील सुलतानशाह्यांच्या आणि पुढे मराठ्यांच्या दप्तरी कारभारातून ती घरोघर रुळली. किल्ल्याचे दप्तर सांभाळणारा तो कोटनीस, अशी या आडनावाची फोड करता येते. 10 ऑक्टोबर 1910 रोजी द्वारकानाथ जन्मले ते सोलापूरही नावांच्या बाबतीत असेच बहुभाषी होते. सिद्रामप्पा, मल्लिनाथ, नरसय्या, तुकाराम आणि अब्दुल ही नावे तेथील गिरण्यांच्या हजेरीपटावर शेजारी शेजारी बसत, आणि नावावरून माणसाच्या घरात कानडी बोलतात, तेलुगू, मराठी की उर्दू, हे ओळखण्याची सवय शहराला लागलेली होती. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांची नावे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन अशी आहेत. या चार नावांतच त्या काळचे अवघे शहर आलेले दिसते. एकाच शहराच्या नामावळीत इतक्या भाषा सुखाने नांदत असताना तीत एका चिनी नावाची भर पडावी, यात विसंगत असे काही नाही.

द्वारकानाथ मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. जपानने चीनवर आक्रमण केल्यानंतर चिनी सेनापती चू ते यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली, आणि 1938 साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवण्यात आले. अलाहाबादचे मदनमोहन अटल हे पथकाचे प्रमुख होते, आणि नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटनीस, कलकत्त्याचे विजयकुमार बसू व देवेश मुखर्जी हे त्यांचे सहकारी होते. सप्टेंबर 1938 च्या आरंभी पथकाने ‘राजपुताना’ या बोटीने मुंबई सोडली, आणि कँटन व हँको या शहरांवरून ते त्या वेळची युद्धकालीन राजधानी असलेल्या चुंगकिंगला पोहोचले. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटनिसांना या चुंगकिंगच्या मुक्कामातच कळली, आणि तरीही मायदेशी न परतता पुढे जाण्याचे त्यांनी ठरवले.

यिनहुआ या नावातील उत्तरार्धाचा उगम याच मुक्कामात आहे. शांतिनिकेतनात चीना-भवन उभारणारे विद्वान तान युन-शान तेव्हा चुंगकिंगला होते. भारतीय डॉक्टरांची लांबलचक नावे चिनी जिभेला आणि चिनी लिपीला झेपणारी नसल्याने त्यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली, आणि प्रत्येक नावाच्या अखेरीस ‘हुआ’ हे एकच चिन्ह ठेवले. कोटनिसांचे के दिहुआ झाले, बसूंचे बा सुहुआ, चोळकरांचे चुओ कहुआ, मुखर्जींचे मु कहुआ आणि अटल यांचे आय देहुआ. एडवर्ड हे इंग्रजी नाव चिनी लिपीत ज्या तीन चिन्हांनी लिहिण्याची रूढी आहे, नेमकी तीच तीन चिन्हे अटल यांच्या वाट्याला आली, त्यामुळे भारतीय पथकाचा प्रमुख आणि इंग्लंडचे राजे एडवर्ड यांची नावे चिनी कागदावर एकसारखीच दिसतात. चिनी घराण्यांत एका पिढीतील भावंडांच्या नावात एक चिन्ह समान ठेवण्याची जुनी चाल आहे, तिला पिढीनाम म्हणता येईल. पाच डॉक्टरांना मिळालेला हा ‘हुआ’ त्या चालीशी इतका जुळतो की तान युन-शान यांनी पाच परक्या माणसांना एका घरातले भाऊच करून टाकले, असे म्हणणे रास्त ठरेल.

‘हुआ’ या चिन्हाचा मूळ अर्थ फुलणे, वैभव, तेज असा असून चिनी लोक आपल्या प्राचीन संस्कृतीला ‘हुआश्या’ आणि आपल्या राष्ट्राला ‘चुंगहुआ’ म्हणतात ते त्यावरूनच. ‘यिन’ची गोष्ट अधिक रोचक आहे. प्राचीन चिनी ग्रंथांत भारताला शेन्दू, थ्येनचू अशी निरनिराळी नावे आढळतात, आणि ती सगळी सिंधू या नदीनामाचीच दूरदूरची रूपे आहेत. सातव्या शतकात भारतभर फिरलेल्या ह्युएनत्संगने या नावांचा गोंधळ नोंदवून ‘यिन्दू’ हे रूप बरोबर असल्याचे लिहिले आणि त्याचा संबंध संस्कृत ‘इंदू’ म्हणजे चंद्र या शब्दाशी जोडला. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होणारी नाही, परंतु तिने दिलेले नाव टिकले आणि चिनी भाषेत भारताला आजही यिन्दूच म्हणतात. हाच प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन महाराष्ट्रातील माणसांच्या स्वभावाचे वर्णन करून गेला होता. त्याने रूढ केलेल्या नावाचे पहिले चिन्ह तेरा शतकांनी एका महाराष्ट्रीय डॉक्टरच्या मुलाला लाभले.

देशाच्या किंवा प्रांताच्या नावातील एकच चिन्ह घेऊन त्याने पूर्ण नावाचे काम भागवणे ही चिनी लेखनाची नित्याची पद्धत आहे. ज्या युद्धक्षेत्रात हे मूल जन्मले त्याचे नाव चिन-छा-ची असे होते, आणि ते शान्शी, चाहार व हेबेई या तीन प्रांतांच्या एकचिन्ही संक्षेपांची जोडणी होते. अशा मुलखाच्या सेनापतीला ‘यिन’ आणि ‘हुआ’ ही जोडणी सहज सुचण्यासारखी होती. शिवाय कोटनीस ज्या पथकातून आले होते त्याचे चिनी नाव ‘यिन्दू युआन-हुआ’ म्हणजे भारताचे चीन-साहाय्य पथक असे होते, आणि मुलाच्या नावातील दोन्ही चिन्हे त्या नावात आधीपासूनच आहेत. पथकाचे नाव आणि बापाच्या नावातील ‘हुआ’ या दोहोंचा वारसा यिनहुआमध्ये एकवटला आहे, असे या सर्वांवरून दिसते. मराठी घरात बाराव्या दिवशी बारसे होते आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. चिनी कुटुंबात हा मान घरातील वडीलधाऱ्याचा किंवा आदरणीय व्यक्तीचा. कोटनीस जानेवारी 1941 पासून कॅनडाचे डॉक्टर नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक होते आणि ते रुग्णालय न्ये रोंगचन यांच्याच सेनेचे असल्यामुळे हा मान सेनापतीकडे जाणे स्वाभाविक होते.

हे नाव पुढे किती पसरले, याचे उत्तर त्याच्या दोन अंगांबाबत वेगवेगळे द्यावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर ‘हुआ’ हे चिन्ह चिनी बाळांच्या नावांत अतिशय लोकप्रिय होते. च्येनहुआ म्हणजे चीनची उभारणी करणारा, चनहुआ म्हणजे चीनला उन्नत करणारा, आयहुआ म्हणजे चीनवर प्रेम करणारा, अशी नावे त्या पिढीत मोठ्या प्रमाणावर ठेवली गेली. राजकीय घटनेवरून मुलाचे नाव ठेवणे हीसुद्धा तेथील ओळखीची रीत होती. कोरियातील युद्धाच्या काळात जन्मलेल्या अनेकांना ‘युआनछाओ’ म्हणजे कोरियाला साहाय्य हे नाव मिळाले, आणि 2013 मध्ये चीनचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले ली युआनछाओ यांचे मूळ नाव त्याच चिन्हांनी लिहिले जात असे. भारतवाचक ‘यिन’ला हे भाग्य लाभले नाही. या चिन्हाचा दैनंदिन अर्थ शिक्का, मुद्रा, छाप असा असल्याने व्यक्तिनामात ते क्वचितच येते. त्याच्यासारखाच ऐकू येणारा, पण निराळ्या स्वराघाताचा आणि निराळ्या चिन्हांचा ‘यिनहुआ’ म्हणजे रुपेरी फूल हे मात्र चिनी स्त्रियांचे परिचित नाव आहे. मराठीत तर हे नाव रुळण्याची वाटच नव्हती. मुलगा चीनमध्येच वाढला, त्याचे पूर्ण नाव आडनाव आधी या चिनी रीतीने के यिनहुआ असे लिहिले गेले, आणि व्ही. शांताराम यांच्या 1946 च्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटाने देशभर नेले ते बापाचे नाव.

त्या मुलाचे आयुष्यही थोडे निघाले, आणि या कुळकथेतला सर्वांत दुःखद भाग तोच आहे. 9 डिसेंबर 1942 रोजी कोटनीस वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराने गेले तेव्हा यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता. तो स्वतः वैद्यकीय शिक्षण घेत असताना 1967 साली वारला. ग्वो चिंगलान त्यानंतर पंचेचाळीस वर्षे जगल्या आणि जून 2012 मध्ये दाल्यान येथे त्यांचे निधन झाले. बापाची दोन्ही नावे मात्र आपापल्या देशांत संस्थांच्या रूपाने टिकली आहेत. शिजियाझुआंग शहरातील एक वैद्यकीय विद्यालय के दिहुआ या नावाने चालते, आणि सोलापुरात भैय्या चौकातील स्मारक डॉ. द्वारकानाथ कोटनीस या नावाने उभे आहे. यिनहुआ या नावाची कोणतीही संस्था प्रसिद्ध नाही. आजच्या छापील चिनी मजकुरात ही दोन चिन्हे एकत्र आढळली तर ती बहुधा इंडोनेशियातील चिनी समाजासाठी आणि त्यांच्या साहित्यासाठी वापरलेली असतात, कारण इंडोनेशियाच्या चिनी नावाचा आरंभही त्याच ‘यिन’ने होतो. भारत आणि चीन हा अर्थ त्यांना लाभतो तो त्यांच्या आधी ‘के’ हे आडनाव असेल तरच.