रॉबर्ट रिच कुठे आहे?

२७ मार्च १९५७. हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात तुम्ही मागच्या रांगेत आहात. सर्वोत्तम मूळ कथेचं ऑस्कर जाहीर होतं: चित्रपट ‘द ब्रेव्ह वन’, लेखक रॉबर्ट रिच. टाळ्या पडतात, पण खुर्चीवरून कुणीच उठत नाही. शेवटी लेखकसंघाचे जेसी लास्की ज्युनियर मंचावर जातात आणि सांगतात की रिच यांच्या पत्नीची प्रसूती जवळ आल्याने ते तिच्यापाशी थांबले आहेत. दुसऱ्या दिवसापासून पत्रकार शोध घेऊ लागतात. या नावाचा पटकथाकार कुणाला भेटलेलाच नाही.

त्याला शोधायचं तर सत्तावीस वर्षं मागे चला. १९३०चं लॉस एंजेलिस, एका मोठ्या बेकरीतली रात्रपाळी. ताज्या पावांच्या वाफेत कोलोरॅडोहून आलेला एक तरुण राबतो आहे. वडील गेलेत, घरी आई आणि बहिणी आहेत. पाळी सुटली की तो लिहायला बसतो; कथा पाठवतो, त्या परत येतात. या बेकरीत त्याची आठेक वर्षं जाणार आहेत. त्याचं नाव डाल्टन ट्रम्बो. मला त्याची हीच ओळख महत्त्वाची वाटते, कारण पुढे त्याचं सगळं काढून घेतलं गेलं तेव्हा रात्रभर जागून काम करायची ही सवय तेवढी त्याच्यापाशी उरली.

मधली वर्षं भराभर ओलांडा. १९३९ साली ‘जॉनी गॉट हिज गन’ ही युद्धविरोधी कादंबरी आली, ‘किटी फॉयल’च्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि एमजीएमकडून आठवड्याला ३,००० डॉलर मिळू लागले.

आता थांबा. २८ ऑक्टोबर १९४७, वॉशिंग्टन. कॅमेऱ्यांच्या दिव्यांनी सभागृह तापलंय. हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या संसदीय समितीपुढे, साक्षीदाराच्या टेबलाशी ट्रम्बो बसलाय. आपण लिहिलेल्या पटकथांचा गठ्ठा त्याने सोबत आणलाय: यात देशद्रोह कुठे आहे ते दाखवा, हे त्याचं म्हणणं. समितीचे अध्यक्ष पार्नेल थॉमस गठ्ठा घेत नाहीत. पानं फार आहेत म्हणतात. त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय: तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, किंवा होता का? ट्रम्बो १९४३पासून सभासद होता, हे खरं. पण तेव्हा पक्षात असणं गुन्हा नव्हता, आणि नागरिकाच्या मतांची झडती घ्यायचा सरकारला अधिकार नाही, असं तो आणि त्याचे नऊ सहकारी मानत होते. हातोडा आपटत राहतो. साक्षीदाराला खाली उतरवलं जातं.

महिनाभरात स्टुडिओंचे मालक न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात जमतात आणि या दहा जणांना काम न देण्याचं ठरवतात. १९५० साली, संसदेच्या अवमानाबद्दल, ट्रम्बो केंटकीतल्या ॲशलंडच्या तुरुंगात जातो. पार्नेल थॉमसही तेव्हा तुरुंगातच असतात. खोटे कर्मचारी दाखवून त्यांचे पगार खाल्ल्याबद्दल.

सुटकेनंतर मेक्सिको, आणि काही वर्षांनी पुन्हा लॉस एंजेलिस. इथे जरा थांबून बघा. मध्यरात्र झाली आहे. तो न्हाणीघरातल्या टबात, कोमट पाण्यात बसून लिहितोय. टबावर आडवी फळी, फळीवर कागद, ओठांत सिगारेटची लांब नळी. किंग बंधूंसारखे छोटे निर्माते त्याच्याकडून लिहून घेतात आणि जुन्या मानधनाचा किरकोळ हिस्सा हातावर टेकवतात. तो एक पटकथा संपवतो, दुसरी उचलतो. काम जास्त झालं की बंदी आलेल्या दुसऱ्या लेखकांकडे वळवतो. नावं बदलत राहतात. खरं नाव कुठे उच्चारायचं नाही, हे पोरांनाही ठाऊक आहे. मेक्सिकोत बैलांच्या झुंजी पाहून सुचलेली कथा तो ‘रॉबर्ट रिच’ या नावाने देतो. हे नाव किंग बंधूंच्या एका भाच्याचं.

लेखकाला निदान टोपणनावाआड तरी लपता आलं; नटाला चेहरा कुठे लपवता येणार? जॉन गारफील्डचं काम आटलं, आणि १९५२ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला.

जानेवारी १९६०मध्ये दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर जाहीर करतात की ‘एक्सोडस’ची पटकथा ट्रम्बोची आहे. ऑक्टोबरमध्ये तुम्ही ‘स्पार्टाकस’ पाहायला बसता आणि पडद्यावर उघड, पूर्ण अक्षरांत त्याचं नाव येतं. नट आणि निर्माता कर्क डग्लस यांनी ते द्यायचं ठरवलं होतं. बाहेर निदर्शनं होतात. १९६१च्या फेब्रुवारीत नवे राष्ट्राध्यक्ष केनेडी ती ओलांडून चित्रपट पाहून येतात.

१९७०मध्ये एका सन्मानसोहळ्यात ट्रम्बो म्हणाला की त्या काळात खलनायक आणि नायक शोधू नयेत, सगळे बळीच होते. त्याच्या काही जुन्या साथीदारांना हे जिव्हारी लागलं. मलाही ते पटत नाही. समितीला मित्रांची नावं सांगून काम टिकवणारा आणि गप्प राहून तुरुंगात जाणारा यांना मी एका पंगतीत बसवणार नाही. पण असं बोलायचा अधिकार कुणाला असेल, तर तो त्यालाच होता.

‘द ब्रेव्ह वन’ची बाहुली त्याच्या हाती पडली ती १९७५मध्ये. पुढच्याच वर्षी तो गेला. एक हिशेब मात्र राहून गेला होता. ‘रोमन हॉलिडे’ची कथा ट्रम्बोची. १९५३ साली पडद्यावर नाव आलं ते मित्र इयान मॅक्लेलन हंटरचं, आणि ऑस्करही त्याच नावाने मिळालं. हंटरने पैसे मित्राकडे पोचते केले आणि पुढे स्वतःही बंदीत सापडला. १९९३मध्ये ऑस्कर ट्रम्बोच्या पत्नीच्या, क्लिओच्या, हाती आलं. ट्रम्बो आणि हंटर या दोघांच्या मुलांनी मागणी लावून धरली, आणि डिसेंबर २०११मध्ये अमेरिकेच्या लेखकसंघाने ‘रोमन हॉलिडे’च्या श्रेयनामावलीत डाल्टन ट्रम्बो हे नाव अधिकृतपणे घातलं. तोवर चित्रपटाला अठ्ठावन्न वर्षं झाली होती आणि ट्रम्बोला जाऊन पस्तीस.