पैलतीराचे मोल

वांद्र्याच्या डोंगरावरील मोत मावलीच्या सणाला, म्हणजे ८ सप्टेंबरच्या सुमारास, आपल्या मराठवाड्यातूनही भाविक जात असतात. परभणी-सेलूकडून रात्रीची आगगाडी धरून सकाळी दादरला उतरलेल्या कुटुंबापुढे टॅक्सीवाला दोन वाटा ठेवतो. एक वरळीहून समुद्रावरच्या पुलाची. तिला पथकर पडतो. दुसरी माहीमच्या खाडीवरची जुनी वाट. तिला काहीच पडत नाही. ही दुसरी वाट फुकट कशी, असे सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक त्या प्रश्नाच्या उत्तरात मुंबईच्या इतिहासातील एक मोठी गोष्ट दडलेली आहे, आणि तिचा आपल्या समाजाशी निकटचा संबंध आहे.

पाणी ओलांडण्याचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न आपणां नदीकाठच्या लोकांना नवा नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा हे आपल्या परभणी जिल्ह्यातील तालुके गोदावरीच्या काठचे. पूल होण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने येथे नावाड्यावाचून कोणाचे चालत नसे. जुन्या गावकीच्या व्यवस्थेत गावकरी नावाड्याला फेरीगणिक पैसे देत नसत. सुगी झाली की खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य त्याला मिळे, आणि त्या धान्यावर गाव वर्षभर नदी ओलांडी. रोख पैसे मोजावे लागत ते परक्या वाटसरूला. ज्याच्या शेतात पिके त्याने अधिक द्यावे, ज्याला पिकले नाही त्यालाही नदीकाठी अडवू नये, असा त्या रीतीचा साधा अर्थ होता.

हीच गोदावरी वरच्या अंगाला दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे टोके, इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातले. पलीकडे कायगाव, निजामाच्या मुलखातले. १९४८ पर्यंत नदी ओलांडणे म्हणजे राज्य ओलांडणे होते. नावाड्याचे भाडे दिले की काम संपत नसे. माल असेल तर पुढे निजामाच्या करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके वाट पाहत असे. सीमेवरच्या पाण्याला नेहमी दोन किंमती असतात. एक पाण्याची आणि एक सत्तेची.

माहीमच्या खाडीने ह्या दोन्ही किंमती शतकभराहून अधिक काळ वसूल केल्या. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई बेट पोर्तुगालच्या राजाने इंग्लंडच्या राजाला दिले. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी हंफ्री कूक याने बेटाचा ताबा घेतला आणि पुढे माहीमही इंग्रजांकडे आले. परंतु खाडीपलीकडचे वांद्रे व सारी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. ज्या खाडीतून काल एका मुलखातली माणसे ये-जा करीत होती, ती एकाएकी दोन देशांची हद्द झाली. ताबा देतानाच्या लेखात पोर्तुगीजांनी मुद्दाम कलम घातले की, वांद्रे व साष्टीच्या होड्यांनी ह्या पाण्यातून मोकळेपणाने जावे-यावे आणि त्याबद्दल कोणत्याही निमित्ताने काही देणे लागू नये. इंग्लंडच्या राजाला कूकने मान्य केलेल्या ह्या अटी पसंत पडल्या नाहीत, आणि जकातीची भांडणे पुढे चालू राहिली. ह्या खाडीवर ‘मोकळी वाट’ हे शब्द तेव्हापासूनचे आहेत.

मराठ्यांनी १७३७ ते १७३९ या काळात साष्टी व वसई जिंकली आणि खाडीच्या उत्तर तीरावरची सत्ता पुन्हा बदलली. त्या धामधुमीत वांद्र्याची मावलीची मूर्ती माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नेण्यात आली आणि १७६१ मध्ये ती पुन्हा डोंगरावर परतली. दोन्ही वेळा तिच्यापुढे वाट एकच होती; ती पाण्याची. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. हद्द पुसली गेली, परंतु पाणी राहिलेच. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या काळात, १७९८ मध्ये, शीवच्या बाजूने साष्टीला जोडणाऱ्या बांधाचे काम सुरू झाले. त्यामुळे गाडीवाल्यांची सोय झाली. पण वांद्र्याच्या माणसाला तो मोठाच वळसा होता. तो आपला होडीनेच माहीम गाठी. भाजी, मासळी, दूध यांचे ओझे डोक्यावर घेऊन बाजाराला निघालेल्या बाईला भरती-ओहोटी पाहून काठावर थांबावे लागे. सप्टेंबरच्या जत्रेला तर पावसाळा पुरता सरलेलाही नसे.

१८४१ मध्ये ह्या खाडीत वीसेक होड्या उलटून मोठा अनर्थ झाला, असे सांगितले जाते. येथे बांध हवा हे सर्वांना पटत होते, परंतु सरकार खर्चाला तयार नव्हते. अशा वेळी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई पुढे आल्या. त्यांनी प्रथम १ लाख रुपये देऊ केले. खर्च वाढून काम अडले तेव्हा आणखी ५७ हजार दिले. त्या काळी ही रक्कम डोळे दिपवणारी होती. परंतु आम्हांला रकमेपेक्षा तिच्यासोबतची अट मोठी वाटते. ह्या मार्गावरून जाणाऱ्या कोणाकडूनही कधीही कर घेऊ नये, अशी ती अट होती. १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. अट पाळली गेली.

ही अट नसती तर काय झाले असते? बांधाच्या तोंडाशी नाके बसले असते. बग्गीतल्या सावकाराला आणा-दोन आण्यांचे काही वाटले नसते. टोपली घेऊन चालणाऱ्या कोळणीने मात्र हिशेब केला असता आणि पुन्हा होडीच पाहिली असती. पूल झाला असता, पण धोका गरिबांकडेच राहिला असता. फुकटचा पूल असा काही नसतो. कोणीतरी त्याचे पैसे दिलेलेच असतात. प्रश्न एवढाच की, ते कोणी द्यावेत. गोदाकाठी ते सुगी देत असे. माहीमला ते एका श्रीमंत घराने एकदाच आणि सर्वांसाठी दिले.

लॅटिन भाषेत श्रेष्ठ धर्माधिकाऱ्याला ‘पाँटिफेक्स’ म्हणतात; त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पूल बांधणारा’ असा सांगतात. मध्ययुगीन युरोपात पुलासाठी दान देणे हे पुण्यकर्म मानले जाई, आणि अशा दात्यांना बिशप दंडमाफीही जाहीर करीत. अवाबाई पारशी होत्या. ज्या यात्रेकरूंची वाट त्यांनी निर्धोक केली, त्यांत ख्रिस्ती होते, हिंदू होते, माहीमच्या दर्ग्याला येणारे मुसलमानही होते. आपल्या मावलीच्या दाराशी जाणारा रस्ता एका पारशी बाईने बांधून दिला, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे.

तथापि एकच बाजू सांगणे न्यायाचे होणार नाही. कॉजवे झाला आणि होडीवाल्यांची रोजी बुडाली. शिवाय प्रत्येक पुलाला अवाबाई भेटत नाहीत. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये खुला झाला, तर शिवडी-न्हावाशेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये; दोन्हींवर पथकर बसला. अशा कामांना लागणारा प्रचंड पैसा वापरणाऱ्यांनी द्यावा, ही भूमिका अगदीच अन्यायाची नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. तरी तो भार नाहीसा झाला नाही, तो सरकारी तिजोरीकडे, म्हणजे पर्यायाने सर्वांकडे गेला.

आणि होडी? तिला कालबाह्य म्हणण्याची घाई करू नये. ५ जुलै १९८६ रोजी गोव्यात पणजीचा मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा ऐन पावसाळ्यात लोकांना फेरीबोटींनीच पैलतीर दाखवला. गोव्यात सरकारी फेरीबोटीतून पायी प्रवाशाला पैसे पडत नाहीत, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. इकडे २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला आणि २०२४ मध्ये वसईहून भाईंदरला मोटारी वाहून नेणाऱ्या बोटी सुरू झाल्या. वसईकराला रस्त्याने सुमारे ३८ किलोमीटरचा पडणारा वळसा आता साडेतीन किलोमीटरच्या पाण्याने टळतो. पुलाच्या युगात होडी परत आली ती अशी.

तेव्हा पूल की होडी, पैसे देऊन की फुकट, ह्या प्रश्नाचे एकच उत्तर इतिहास देत नाही. घाई असेल त्याने पथकर द्यावा, सवड असेल त्याने जुनी वाट धरावी. परंतु समाज म्हणून वाट बांधताना मात्र, ज्याच्या खिशात काहीच नाही तो कसा ओलांडणार, हे आधी पाहिले पाहिजे. जुन्या गावाने ते पाहिले होते. अवाबाईंनीही पाहिले होते. त्यांचे नाव दादर-माहीमच्या लेडी जमशेटजी रस्त्याला लाभले आहे. त्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसे भरती-ओहोटीतून पलीकडे नेणाऱ्या होडीवाल्यांचे नाव कोणत्याही रस्त्याला नाही. मावलीच्या पायऱ्या चढताना दोघांसाठीही एक प्रार्थना व्हावी.