मुका मार : डोक्याच्या एका दुखापतीचा इतिहास

मराठीत एक नेमका शब्द आहे : मुका मार. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, हाड मोडत नाही. पण आत काहीतरी बिघडलेले असते. मेंदूला बसणाऱ्या अशा माराला वैद्यकात ‘कन्कशन’ म्हणतात. डोक्याला ठोसा किंवा अंगाला जोराचा हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हादरतो आणि त्याचे काम काही काळ विस्कळीत होते. एक्स-रे किंवा सीटी स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. म्हणून या दुखापतीचा इतिहास हा न दिसणाऱ्या गोष्टीची दखल घ्यायला माणसे कशी शिकली, याचा इतिहास आहे.

ओळख तशी जुनी. इराणातील रे गावचे वैद्य अल्-राझी यांनी हजारेक वर्षांपूर्वीच कवटी फुटणे आणि मेंदू हादरणे यांत फरक केला होता. पुढे युरोपातील शल्यवैद्यांनी त्याला ‘कोमोशिओ सेरेब्री’ असे लॅटिन नाव दिले. १९२८ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्रज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांवर एक निबंध लिहिला. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेल्यांची चाल अडखळते, हालचाली मंदावतात, याकडे त्यांनी डॉक्टरांचे लक्ष वेधले. गंमत अशी, की अशा मल्लांना ‘पंच ड्रंक’ हे नाव मुष्टियुद्धाच्या प्रेक्षकांनी आधीच देऊन ठेवले होते. बघणाऱ्यांना ते कळले होते. त्यावर काही करावे, एवढे मात्र कोणाला वाटले नव्हते.

आता आपल्या बडोद्याकडे येऊ. एप्रिल १९७६, जमैकातील किंग्स्टनचे मैदान. दत्ताजीराव गायकवाड यांचे चिरंजीव अंशुमन गायकवाड सलामीला उभे होते. डोक्यावर हेल्मेट नव्हते आणि समोर मायकेल होल्डिंग. अंशुमन ८१ धावांवर असताना चेंडू डाव्या कानावर आदळला आणि त्यांना मैदान सोडावे लागले. कानाचा पडदा फाटला होता. पुढे शस्त्रक्रिया झाली. त्या सामन्यात भारताचा दुसरा डाव ९७ धावांवर संपला, कारण पाच जण फलंदाजीला येण्याच्या स्थितीतच नव्हते. त्या काळी बदली खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकत असे, फलंदाजी नाही. म्हणजे डोक्याला लागलेल्या खेळाडूने बाहेर बसायचे ठरवले, तर संघ एका फलंदाजाला मुकणार. या खेळीचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावा. पण ‘काही होत नाही, खेळतो’ असे म्हणायला खेळाडूला भाग पाडणारा तो नियम होता, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

तसे म्हणण्यावर विसंबता येत नाही, हे फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात दिसले. फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता उभ्या असलेल्या रमण लांबा यांच्या कपाळावर चेंडू आदळला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. थोड्या वेळाने प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी ते गेले. त्यांच्या कवटीच्या आत रक्तस्राव झाला होता. हे कन्कशनहून वेगळे आणि जिवावरचे प्रकरण; पण पहिल्या घटकेला दोन्हींतला फरक बाहेरून ओळखू येतोच असे नाही. म्हणून लागलेल्या माणसावर नजर ठेवायची असते.

२००१ मध्ये व्हिएन्नात या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि खेळाडूंच्या तपासणीला शिस्त येऊ लागली. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये कन्कशन झालेल्याच्या जागी पूर्ण खेळू शकणारा बदली खेळाडू देता येऊ लागला. त्याच महिन्यात लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर लागला. तपासण्यांत काही आढळले नाही, तो परत येऊन खेळलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोके दुखू लागले, सुस्ती वाटू लागली. मग मार्नस लाबुशेन त्याच्या जागी उतरला; असा तो पहिला बदली खेळाडू. किंग्स्टन आणि लॉर्ड्स यांच्यात त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात माणसांचे धैर्य कमी झाले नाही, निर्णय मात्र जखमी माणसाच्या धैर्यावर सोडण्याची पद्धत गेली.

हा इतिहास तुमच्या-आमच्या घरातही उपयोगी आहे, कारण हा मार जिन्यावरून पडलेल्या आजीला, दुचाकीवरून घसरलेल्या मुलीलाही बसतो. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, उजेड वा आवाज नकोसा होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, चिडचिड, झोपेत बदल, ही लक्षणे पाहावीत; ती काही तासांनी, दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, हातापायांतली शक्ती गेली, बोलणे अडखळले, जागे करणे अवघड झाले, तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे. वयस्कर माणसे आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांना काही दिसत नसले तरी डॉक्टरांना दाखवावे.

अंधाऱ्या खोलीत दिवसचे दिवस पडून राहण्याचा सल्ला आता मागे पडला आहे. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मोबाइल-टीव्ही बेताचा, मग हळूहळू चालणे-फिरणे. डॉक्टरांनी तपासले असेल आणि धोक्याची लक्षणे नसतील, तर झोपू द्यावे. मुलांनी आधी शाळेत रुळावे, मैदानावर नंतर जावे. आणि तेही डॉक्टर हो म्हणाल्यावर, पायरीपायरीने. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला, तर तो फार घातक ठरू शकतो. मोठी माणसे बहुधा दोनेक आठवड्यांत बरी होतात, मुलांना महिनाही लागतो. त्या महिन्यात मूल आळशी झाले, अभ्यास टाळते, असे म्हणणारे घरात कोणीतरी निघतेच. त्यांना समजावून सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे. टेंगूळ उतरले म्हणजे दुखणे संपले, असे या माराच्या बाबतीत होत नाही.