"मागं शॉकअप कशाला? पाटे आहेत ना!"

गेल्या रविवारी चुलतभावाची जुनी पिकअप दिवसभर आमच्या अंगणात होती. दिंडोरीकडून टोमॅटो भरून पिंपळगाव बसवंतला जाताना गाडी ठीक चालायची. माल उतरवून रिकामी परतताना मात्र मागून उड्या मारायची. मागच्या महिन्यात खराब रस्त्यावर त्याने जोरात ब्रेक दाबला आणि गाडीचं मागचं अंग आडवं सरकलं. समोर शाळेची पोरं होती. थोडक्यात वाचलं.

खाली वाकून बघितलं तर एका बाजूचा शॉकअप तेलाने माखलेला, दुसऱ्या बाजूचा जागेवर नाहीच! भाऊ म्हणाला, "गॅरेजवाल्यानं काढून टाकला. म्हणे, मागं काय गरज? पाटे आहेत ना!"

हे वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल. गंमत म्हणजे ते अगदीच खोटं नाही. एके काळी ते खरं होतं.

बैलगाडीला कमान नव्हती, खड्डा थेट कंबरेत. टांग्याला कमानीचे पाटे आले. एकावर एक रचलेले हे पाटे गाडी दबली की एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच गाडीचं हेलकावणं कमी होतं. घोड्याच्या वेगाला तेवढं पुरायचं.

मोटार आली, वेग वाढला आणि घर्षण कमी पडायला लागलं. अमेरिकेत क्लीव्हलँडचा क्लॉड फॉस्टर 'गॅब्रिएल' नावाचे मोटारीचे भोंगे बनवायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने 'स्नबर' काढला. हा एक गुंडाळलेला पट्टा. गाडी वर उसळली की तो तिला आवळून धरायचा. पुढे तेलाचे शॉकअप आले. आत दट्ट्या आणि तेल. तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. म्हणजे धक्का झेलतो तो पाटा, त्यानंतरचं नाचणं थांबवतो तो शॉकअप. नावामुळे आपला घोळ होतो.

आपल्याकडे 1940च्या दशकाअखेर महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला घेतल्या. जीप हलकी, म्हणून तिला चारही चाकांना शॉकअप. 1954 साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे ट्रक निघू लागले. पुढची कित्येक वर्षं आपल्या रस्त्यांवरच्या अनेक ट्रकना शॉकअप फक्त पुढे असायचे. मागे जाडजूड पाट्यांचा गठ्ठा आणि वर कायम ओझं. तिथे "पाटे आहेत ना" चालून गेलं. ट्रकवर हात बसलेल्या मिस्त्रींनी तेच वाक्य पुढे पिकअपला लावलं. पण पिकअप अर्धा वेळ रिकामी पळते. पाटे असतात टनभर मालासाठी. रिकाम्या गाडीला ते दबतच नाहीत, चाक रस्ता सोडून उडतं. आणि हवेतल्या चाकाला ब्रेक काय थांबवणार?

आता आपल्या नाशिकचं बघा. 1961 साली त्याच 'गॅब्रिएल' नावाने मुंबईत मुलुंडला शॉकअपचा कारखाना सुरू झाला. आज त्या कंपनीचा एक कारखाना आपल्या अंबडला आहे. बोलेरो (2000) आणि स्कॉर्पिओ (2002) नाशिकच्याच कारखान्यातून देशभर गेल्या. गाड्याही इथे बनतात, शॉकअपही इथे बनतात आणि आपल्याच गाड्या शॉकअपशिवाय पळतात!

काम अवघड नाही. पिकअपला मागे पाटा वेगळा, शॉकअप वेगळा, त्यामुळे स्प्रिंग दाबायची भानगड नाही. आदल्या रात्री बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. गाडी सपाट जागी घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले, मागून उचलून मजबूत स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. वरचा-खालचा बोल्ट काढायचा, नवा शॉकअप उभा धरून चार-पाचदा दाबून सोडायचा, मग बसवायचा. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उतरवल्यावर, नाहीतर रबरी बूश पिळला जातो. बदलायचे ते जोडीनेच. आमचा एक बोल्ट इतका गंजला होता की कापावा लागला, त्यात दुपार गेली.

संध्याकाळी भाऊ त्याच रस्त्याने रिकामी गाडी घेऊन जाऊन आला. म्हणाला, "दादा, गाडी बसून चालतीय!"

खड्ड्यांबद्दल आपण ओरडतो आणि ओरडलंच पाहिजे. पण फिटनेसच्या वेळी गाडीखाली नीट वाकून कोण बघतं, हेही विचारायला हवं. ते होईपर्यंत निदान आपण वाकूया. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी मागच्या चाकांमागे एकदा नजर टाका. तेल गळालंय का? टायर चट्ट्या-चट्ट्यांनी झिजलंय का? शॉकअप जागेवर तरी आहे का?

काय दिसलं ते कमेंटमध्ये सांगा.