रक्त-वृषण रोध

सस्तन प्राण्यांच्या वृषणात (पुं-जनन ग्रंथीत) तयार होत असलेल्या शुक्राणूंना रक्त व लसीका यांतील अनेक पदार्थांपासून आणि शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेपासून अलग ठेवणाऱ्या संरचनेस ‘रक्त-वृषण रोध’ म्हणतात. वृषणातील रेतोत्पादक नलिकांच्या अस्तरात सेर्तोली कोशिका नावाच्या उंच आधारकोशिका असतात. शेजारशेजारच्या सेर्तोली कोशिका तळाजवळ ज्या संधींनी एकमेकींस जखडलेल्या असतात, त्या संधींतील प्रथिनांमुळे हा रोध निर्माण होतो. रोध सतत बंद असणे आवश्यक असते. पण विकसित होणाऱ्या जनन कोशिकांना त्यातूनच पलीकडे जावे लागते. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ कसा बसतो, हा या विषयाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

प्रारंभीचे संशोधन : एन्रीको सेर्तोली (१८४२–१९१०) या इटालियन शरीरक्रियावैज्ञानिकांनी पाव्हीया येथील शिक्षणकाळात केलेल्या निरीक्षणांच्या आधारे मानवी रेतोत्पादक नलिकांतील शाखायुक्त कोशिकांचे वर्णन १८६५ मध्ये प्रसिद्ध केले. या कोशिका जनन कोशिकांना आधार देत असाव्यात, एवढाच तर्क त्या वेळी शक्य होता.

रोधाची पहिली चाहूल रंजकांच्या प्रयोगांतून लागली. पाउल एर्लिख यांनी १८८५ मध्ये दाखविले की, रक्तात सोडलेल्या काही रंजकांनी बहुतेक ऊतके (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचे समूह) रंगतात, परंतु मेंदू रंगत नाही. हूगो रिबर्ट (१९०४) व एडव्हिन गोल्डमान (१९०९) यांच्या प्रयोगांत रेतोत्पादक नलिकांचा अंतर्भागही असाच रंगाविना राहिल्याचे आढळले. मेंदूसंबंधीच्या निरीक्षणाचा पुढे सातत्याने पाठपुरावा झाला; वृषणासंबंधीचे निरीक्षण मात्र जवळजवळ अर्धशतक दुर्लक्षित राहिले.

दरम्यान प्रतिरक्षाविज्ञानात दुसरा धागा विणला जात होता. गिनीपिगला गिनीपिगचेच शुक्राणू टोचल्यास त्याच्या रक्तात शुक्राणुविरोधी पदार्थ तयार होतात, असे मेटाल्निकॉव्ह यांनी १९०० मध्ये दाखविले. ज्यूल्स फ्रॉइंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये गिनीपिगला वृषणाचे ऊतक सहायक द्रव्यांसह टोचून त्याची शुक्राणुनिर्मिती बंद पाडली. शुक्राणू यौवनावस्थेत प्रथमच निर्माण होतात. स्वकीय व परकीय द्रव्यांतील भेद ओळखण्याची शरीराची क्षमता तत्पूर्वीच बऱ्याच अंशी प्रस्थापित झालेली असते. त्यामुळे शुक्राणूंवरील प्रथिने शरीराला परकी ठरू शकतात. असे असता निरोगी नरात त्यांवर हल्ला का होत नाही, हा प्रश्न उरला.

रोधाचे स्थान : मार्टी कॉर्मानो यांनी १९६७ मध्ये रॅट जातीच्या उंदरांवरील प्रयोगांत असे दाखविले की, पिलांच्या नलिकांत शिरू शकणारा रंजक यौवनावस्थेच्या सुमारास शिरेनासा होतो. ब्रायन सेचेल, फोग्लमायर व वेट्स यांनी १९६९ मध्ये मेंढ्यांवर (नरांवर) केलेले प्रयोग निर्णायक ठरले. रक्तात सोडलेले अनेक पदार्थ वृषणातील लसीकेत सहज उतरतात, पण नलिकांतून येणाऱ्या द्रवात उतरत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणजेच अडथळा केशवाहिन्यांच्या भित्तीत नसून त्यापलीकडे, नलिकेतच असला पाहिजे. मेंदूतील रोधाहून हा रोध वेगळा आहे तो येथेच.

नेमके स्थान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने निश्चित झाले. मॅरिलिन फार्क्वार व जॉर्ज पॅलेड यांनी विविध अस्तर-ऊतकांतील कोशिका-संधींचे वर्गीकरण १९६३ मध्ये केले होते. चार्ल्स फ्लिकिंजर व डॉन फॉसेट यांनी सेर्तोली कोशिकांमधील वैशिष्ट्यपूर्ण संधींचे वर्णन १९६७ मध्ये केले. मार्टिन डिम व फॉसेट यांनी १९७० मध्ये इलेक्ट्रॉनांना अपारदर्शक असलेले पदार्थ वापरून ते या संधींपाशी थांबतात, असे दाखविले. या संधींमुळे नलिकेच्या अस्तराचे दोन कप्पे पडतात. तळाच्या कप्प्यात मूळ जनन कोशिका असतात, तर आतील कप्प्यात न्यूनीकरण विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) पुढे सरकते व शुक्राणूंना आकार येतो. रॅटमध्ये हा रोध जन्मानंतर १६ ते १९ दिवसांच्या दरम्यान पूर्ण होतो, असे १९७३ मध्ये आढळून आले.

प्रथिनांचा शोध : संधी दिसली, तरी ती कशाची बनलेली आहे हे सूक्ष्मदर्शकाला सांगता येत नव्हते. दृढ संधीतील (कोशिकांमधील फट बंद करणाऱ्या संधीतील) झेडओ-१ हे प्रथिन १९८६ मध्ये ओळखले गेले. परंतु ते पटलाच्या आतील बाजूस असते. पटल भेदून बाहेर डोकावणारे ऑक्लुडीन १९९३ मध्ये व क्लॉडीन प्रथिने १९९८ मध्ये जपानमधील शोइचिरो त्सुकिता, मिकिओ फुरुसे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढली. ‘बंद करणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून ही नावे आली आहेत.

यानंतर जीन काढून टाकलेल्या उंदरांमुळे प्रत्येक प्रथिनाचे महत्त्व तपासता येऊ लागले. अलेक्झांडर गाऊ व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखविले की, क्लॉडीन-११ नसलेल्या माऊस जातीच्या उंदरांत सेर्तोली कोशिकांमधील दृढ संधींचे पट्टे तयारच होत नाहीत व नर वंध्य राहतात. ऑक्लुडीन नसलेल्या नरांनाही संतती होत नाही, असे २००० मध्ये आढळले. तथापि मानव व गिनीपिग यांच्या सेर्तोली कोशिकांत ऑक्लुडीन आढळत नसल्याचे १९९८ मधील एका अभ्यासात नमूद झाले होते. उंदरावरील निष्कर्ष मानवाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे यावरून स्पष्ट होते.

रोध ओलांडण्याची क्रिया : लॉनी रसेल यांनी १९७७ मध्ये असे प्रतिपादन केले की, जनन कोशिका आत सरकताना तिच्या खालच्या बाजूस नवी संधी तयार होते व त्यानंतर वरची जुनी संधी सुटते. कालव्यातील दोन दारांच्या जलपाशाप्रमाणे निदान एक दार नेहमी बंद राहते. बेंजामिन स्मिथ व रॉबर्ट ब्रॉन यांनी २०१२ मध्ये माऊसमध्ये या कल्पनेस प्रथिनांच्या पातळीवर पुष्टी दिली. नव्या संधीत प्रथम क्लॉडीन-३ येते व पुढे त्याची जागा क्लॉडीन-११ घेते. क्लॉडीन-३ ची निर्मिती पुं-हॉर्मोनांवर अवलंबून असल्याचे २००५ मध्येच दिसून आले होते.

महत्त्व : रोधामुळे शुक्राणूंचे संरक्षण होते, तसेच त्याच्या आडोशाने रोगही टिकून राहतात. तीव्र रक्तार्बुदाच्या (ल्युकेमियाच्या) काही रुग्णांत औषधोपचारानंतर वृषणात रोग पुन्हा उद्भवतो. एबोला व झिका या रोगांतून बऱ्या झालेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणूंचे अंश कित्येक महिने आढळले आहेत. मात्र यात प्रतिरक्षा यंत्रणेच्या वृषणातील सौम्य वर्तनाचाही वाटा असावा. शुक्राणुनिर्मिती खंडित झालेल्या पुरुषांच्या वृषणांत क्लॉडीन-११ ची मांडणी बदललेली आढळते. परंतु हा बदल वंध्यत्वाचे कारण आहे की परिणाम, हे ठरविणे कठीण असते.

रोध म्हणजे शुक्राणूंना पूर्णपणे लपविणारी भिंत, ही जुनी समजूतही आता टिकलेली नाही. केनेथ टंग व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये माऊसमध्ये दाखविले की, शुक्राणूंची काही प्रथिने नलिकेबाहेर नियमितपणे येतात व त्यांमुळेच प्रतिरक्षा यंत्रणा त्यांच्याविषयी सहिष्णू राहते. ज्या प्रथिनांना अशी वाट मिळत नाही, त्यांच्याविषयी सहिष्णुता निर्माण होत नाही. यावरून शुक्राणूंची सुरक्षितता केवळ त्यांना दडवून ठेवण्यावर अवलंबून नसून, त्यांची मर्यादित ओळख शरीराला करून देण्यावरही अवलंबून असते, असे दिसते.