५३-एन क्रमांकाची बाटली

नीरेच्या डाव्या कालव्यानें ज्या मुलुखाचें रूप पालटलें, त्यांतच बारामतीहून इंदापुरास जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णें हें गांव आहे. तेथील एखाद्या घरांत आज गोळ्यांचें नवें पाकीट आलें, तर त्यावर औषधाच्या नांवाशेजारीं बारीक काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन पुष्कळदां दिसतो. घरांतील शाळकरी मुलानें त्यापुढें फोन धरला कीं औषधाचें मूळ नांव, कारखान्याचा पत्ता, बॅचचा क्रमांक, तयार झाल्याची व मुदत संपण्याची तारीख हीं सारीं पडद्यावर उमटतात. १ ऑगस्ट २०२३ पासून देशांतील ३०० नामांकित औषधांवर अशी खूण असणें कायद्यानें आवश्यक झालें आहे. वडील मंडळींस ह्यांत यंत्राचें नवल वाटतें, आणि तें साहजिक आहे. परंतु यंत्र नवें असलें तरी त्याला विचारलेला प्रश्न फार जुना आहे. अमुक माणसाच्या अंगांत जें गेलें तें नेमकें कोणत्या बाटलींतलें, आणि ती बाटली कोठून, कोणाच्या हातांतून आली? हा प्रश्न एकदां मुंबईंत परळच्या प्रयोगशाळेला विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरावर एका थोर शास्त्रज्ञाची अब्रू टांगलेली होती. ती हकीकत आपल्याकडे जितकी माहीत असावी तितकी नाहीं.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. त्या वर्षीं ऑक्टोबरांत वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. हे ओदेसाकडचे यहुदी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्यें काम केलेले, आणि १८९३ पासून हिंदुस्थानांत पटकीची लस टोचीत हिंडलेले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत मिळालेल्या अपुऱ्या जागेंत त्यांनीं प्लेगची लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच टोचून घेतली. पुण्यांत त्याच वर्षीं प्लेगच्या बंदोबस्तानें लोक किती बिथरले, आणि २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडींत काय घडलें, हें वाचकांस सांगावयास नको. सरकारी माणसाच्या हातांतील सुई म्हणजे संशयाची वस्तु होती. असें असतांही टोचून घेणारांची संख्या वाढत गेली. १० ऑगस्ट १८९९ रोजीं परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासांत प्रयोगशाळा थाटली गेली, आणि तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊं लागल्या.

१९०२ सालीं पंजाबांत मोठ्या प्रमाणावर टोचणीची मोहीम निघाली. मागणी भागविण्यासाठीं परळास लस करण्याच्या कृतींत थोडा फेर करण्यांत आला: पूर्वीं लसींत कार्बोलिक ॲसिड घालीत, तें वगळून जंतुनाशाचें काम उष्णतेवर सोंपविलें. ३० ऑक्टोबर रोजीं मुलकोवाल नांवाच्या गांवीं (हें आज पाकिस्तानांत आहे) १०७ माणसांस टोचण्यांत आलें. आठवडाभरांत त्यांपैकीं १९ जणांस धनुर्वात झाला, आणि ते सर्वच्या सर्व दगावले. इतर ८८ जणांस कांहींही झालें नाहीं. चौकशींत असें दिसून आलें कीं, मेलेल्या एकोणीसहि जणांस एकाच बाटलींतील लस टोचली होती. त्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन.

येथें क्षणभर थांबावें. बाटलीवर क्रमांक नसता, किंवा टोचणाऱ्यांनीं त्याची नोंद ठेविली नसती, तर त्या दिवशीं मुलकोवालांत काय घडलें ह्याचें वर्णन एकाच वाक्यांत झालें असतें: लस टोचली आणि माणसें मेलीं. मग हाफकिन यांची लस, परळची प्रयोगशाळा, किंबहुना टोचणी ही कल्पनाच अपराधी ठरती. एका क्षुद्र क्रमांकानें अपराधाचें क्षेत्र एका बाटलीच्या कांचेएवढें आकुंचित केलें. माझ्या मतें आपल्या देशांतील वैद्यकाच्या इतिहासांत क्रमांकानें केलेलें हें फार मोठें काम आहे, आणि त्या क्रमांकास कोणी श्रेय दिल्याचें माझ्या वाचनांत नाहीं.

परंतु क्रमांकाची धांव तेथवरच होती. विष बाटलींत परळास शिरलें कीं मुलकोवालांत, हें त्याला सांगतां येईना. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें निर्णय दिला कीं दोष बाटली उघडण्यापूर्वींचा, म्हणजे परळचा. हाफकिन यांस पदावरून दूर करण्यांत आलें. वास्तविक साक्षींत एक निराळीच गोष्ट निघाली होती. बाटलीचें बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतींत धरण्याऐवजीं नुसता कार्बोलिकच्या पाण्यांत बुडवून पुनः वापरला गेला. धनुर्वाताचें बीज मातींत असतें हें आतां शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. शिवाय तें बीज परळासच शिरलें असतें, तर मधल्या काळांत वाढून लसीस दुर्गंधि आली असती. तशी ती आल्याचें उघडतांना कोणास आढळलें नव्हतें. रोनाल्ड रॉस यांनीं ह्या अन्यायाविरुद्ध कंबर बांधली. २९ जुलै १९०७ रोजीं लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें दहा नामांकित शास्त्रज्ञांचें पत्र प्रसिद्ध झालें, आणि त्या वर्षअखेर सरकारानें हाफकिन यांस दोषमुक्त केलें. ते पुनः कलकत्त्यास कामावर आले, पण मधलीं पांच वर्षें गेलीं तीं गेलींच. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें.

आतां बारकोडाकडे वळूं. त्याची कल्पना नॉर्मन वुडलंड ह्या अमेरिकनास समुद्रकांठच्या वाळूंत बोटांनीं रेघा ओढतां ओढतां सुचली. तारायंत्राचे ठिपके व दांड्या खालीं ओढून त्यानें त्यांच्या रेषा केल्या. १९५२ सालीं त्याला व त्याच्या मित्रास पेटंट मिळालें, परंतु २६ जून १९७४ रोजीं ओहायो प्रांतांतील एका दुकानांत च्युइंगमचें पाकीट यंत्रापुढून सरकेपर्यंत त्या रेषांस व्यवहारांत स्थान नव्हतें. म्हणजे ही विद्या वाण्याच्या गल्ल्यावरून दवाखान्यांत आली. तिला तेथें आणण्याचें श्रेय पुष्कळ अंशीं स्यू किनिक ह्या कॅन्सासमधील परिचारिकेचें. भाड्याची मोटार परत करतांना कारकुनानें हातांतील यंत्रानें मोटारीची खूण वाचलेली तिनें पाहिली, आणि मोटारीसाठीं जें होतें तें रोग्यासाठीं कां नसावें, असें तिच्या मनांत आलें. रोग्याच्या मनगटावरील पट्टी वाचावयाची, औषधाची खूण वाचावयाची, आणि दोहोंचा मेळ बसला तरच औषध द्यावयाचें, अशी ही रीत आहे. ५३-एन हा क्रमांक माणसें मेल्यावर वाचला गेला. ह्या रीतींत क्रमांक आधीं वाचला जातो. सर्व फरक काय तो एवढाच, पण तो लहान नव्हे. बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयांतील निरीक्षणाचे आंकडे २०१० सालीं प्रसिद्ध झाले. औषध देण्यांतील चुका, वेळेच्या चुका सोडून, शेंकडा ११.५ होत्या, त्या ६.८ वर आल्या.

ह्या आंकड्यांनीं हुरळून जाणाऱ्यांनीं २००८ सालचा दुसरा एक अभ्यासहि वाचावा. पांच रुग्णालयांत संशोधकांस असें आढळलें कीं, यंत्रास चकविण्याच्या पंधरा तऱ्हा परिचारिकांनीं शोधून काढल्या आहेत. कोणी रोग्याच्या पट्टीची जास्तीची प्रत दारावर चिकटवी आणि तीच वाची. कोणी अनेक रोग्यांचीं औषधें एकदमच घेऊन निघे. ह्यांत दुष्टपणा नव्हता. पट्टी भिजून पुसट होई, यंत्राची विजेरी संपे, रोगी झोंपलेला असे, आणि कामाचा डोंगर तर उभाच असे. मुलकोवालच्या मदतनिसाचा चिमटा मला येथें दिसतो.

आपल्याकडे ही खूण प्रथम निर्यातीच्या औषधांवर आली. १ ऑक्टोबर २०११ पासून परदेशीं जाणाऱ्या मोठ्या खोक्यांवर ती सक्तीची झाली. घरच्या रोग्यास ती मिळण्यास आणखी जवळजवळ बारा वर्षें लागलीं. परक्या ग्राहकाच्या शंकेस आपण स्वकीयाच्या शंकेपेक्षां अधिक मान देतों, ही आपली जुनी खोड आहे.

लसीच्या कुपीवर मात्र ह्याहून साधी आणि माझ्या मतें अधिक चतुर अशी एक खूण १९९६ पासून येऊं लागली. तिला वाचण्यास यंत्र लागत नाहीं. एका रंगीत वर्तुळांत एक फिकट चौकोन असतो. कुपीस उष्णता लागत गेली कीं चौकोन हळूहळू गडद होत जातो, आणि तो भोंवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला कीं ती लस टाकून द्यावयाची. क्रमांक बाटलीचें नांव सांगतो. ही खूण बाटलीवर वाटेंत काय गुदरलें तें सांगते, निदान उष्णतेपुरतें. परळच्या हाफकिन संस्थेंतूनच निघालेल्या कंपनीनें केलेली पोलिओची लस ही खूण कपाळीं घेऊन बर्फाच्या पेटींतून गांवोगांव गेली आहे. अंथुर्ण्यासारख्या ठिकाणीं चैत्राच्या उन्हांत ती पेटी उघडणारी बाई पोराच्या तोंडांत थेंब घालण्याआधीं कुपी डोळ्यांजवळ धरते, चौकोनाचा रंग पाहते, आणि मगच पोराच्या आईस त्याचें तोंड उघडावयास सांगते.